के170च्या नावाखाली मला विकलेला कचरा

आधी हिशोब. जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) 16 नग, प्रत्येकी 425 प्रमाणे 6,800. चार-चारचे संच जुळवून देण्याचे संचामागे 300 प्रमाणे 1,200. कुरिअर 140. एकूण 8,140 रुपये, एका माणसाच्या खासगी मोबाइल नंबरवर यूपीआयने, आगाऊ. बिल नाही. मागितलं होतं, "बिल हवं तर 18 टक्के वर लागतील, साहेब" असं उत्तर आलं आणि मी गप्प बसलो. हे वाक्य तुमच्या कानावर पडलं तर तिथेच फोन ठेवा.

ज्यांनी मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजसाठी (रेकॉर्ड प्लेअरची सुई बसते तो भाग) फोनो प्रीअँप (तिचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) बांधलाय, त्यांना 2एसके170, म्हणजे तोशिबाचा अगदी कमी नॉइजचा जेफेट के170, काय ते सांगायला नको. डेनॉन डीएल-103 या कार्ट्रिजमधून 0.3 मिलिव्होल्ट निघतात. तिच्या 40 ओहमच्या कॉइलचा स्वतःचा नॉइजच (नको असलेली खरखर) 0.8 नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. पहिल्या पायरीवरचा जेफेट याहून बराच शांत नसेल, तर पुढे कितीही भारी कपॅसिटर लावा, उपयोग शून्य. तोशिबाच्या के170 चा हाच आकडा 1 किलोहर्ट्झला 0.95, चार समांतर जोडले की निम्मा. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की माणूस हरखतो. फक्त तोशिबाने तो बनवणं कधीच बंद केलंय आणि मागणी तशीच आहे. बाकीचं तुम्ही जाणता: कुठला तरी फडतूस जेफेट घ्यायचा, छाप घासायचा, वर हवा तो नंबर मारायचा.

मलाही हे ठाऊक होतं, बरं का. म्हणूनच मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, पुढे मुंबईत लॅमिंग्टन रोडवरही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून पाहिलं. दोन्हीकडे प्रामाणिकपणे "नाही" म्हणाले. तेव्हा त्यांचा रागच आला होता. मग हा विक्रेता भेटला. बंद पडलेल्या कारखान्याचा जुना जपानी स्टॉक, म्हणे. माणूस अडाणी नव्हता. बीएल ग्रेड म्हणजे पूर्ण उघड्या जेफेटमधून 6 ते 12 मिलिअँपिअर प्रवाह हे त्याला माहीत होतं, मूव्हिंग कॉइलसाठी बीएलच घ्या हा सल्लाही त्यानेच दिला. आणि प्रत्येक नग मोजून छापील तक्ता पाठवला. तक्ता पाठवणारा चोर असेल असं कुणाच्या मनात येईल?

त्या तक्त्यात चार रकाने होते. नग क्रमांक, ग्रेड, आयडीएसएस (हाच पूर्ण उघड्या जेफेटचा प्रवाह), आणि शेवटचा पिंच-ऑफ व्होल्टेज, म्हणजे ज्याला जेफेट बंद होतो तो. आयडीएसएस सगळीकडे 8.1 च्या आसपास, एकमेकांशी काटेकोर जुळणारे. मी खूश. चौथ्या रकान्यात सगळीकडे 2.0 ते 2.1 व्होल्ट. तोशिबाच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, ही मर्यादा 0.2 ते 1.5 आहे. म्हणजे माल नकली असल्याचं त्याने स्वतःच मोजून, छापून, पैसे घेण्याच्या आधी मला लेखी दिलं होतं! माझ्याकडे डेटाशीट होती. छापून भिंतीला लावलेली होती. पण संच जुळवताना सगळं जग आयडीएसएसच बघतं, मीही तेच बघितलं. पिंच-ऑफ कोण वाचतो? आता मी वाचतो.

का वाचायचं ते सांगतो, कारण अख्खी लबाडी यातच आहे. आयडीएसएस 8 असलेला जेफेट कुठल्याही डब्यातून निवडून काढता येतो. के170 ची किंमत आहे ती त्याच्या ट्रान्सकंडक्टन्सला (गेटवरच्या व्होल्टेजमागे प्रवाह किती बदलतो ते), कारण नॉइज त्यावर ठरतो. ढोबळ हिशोब सोपा आहे: आयडीएसएसची दुप्पट भागिले पिंच-ऑफ. 8.1 ला 2.1 ने भागा, दुप्पट करा: 7.7 मिलिसीमेन्स. खऱ्या के170 ला डेटाशीट 22 देते.

सर्किट जोडलं तेव्हा तरी कळायला हवं होतं ना, असं मित्र विचारतात. अहो, डीसी (सिग्नल नसतानाचा स्थिर व्होल्टेज) तंतोतंत बरोबर आला! 18 व्होल्टचा सप्लाय, चार जेफेट मिळून 32.4 मिलिअँपिअर, ड्रेनला (जेफेटचा एक पाय; बाकीचे गेट आणि सोर्स) 220 ओहम, ड्रेनवर 10.9 हवे होते, 10.9 आले. विद्युत प्रवाह जुळलेला होता, मग व्होल्टेज जुळणारच. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) मात्र 20 च्या पुढे यायला हवा होता, तो 6.8 आला. मी दोष दिला माझ्या अटेन्युएटरला (मोजण्यासाठी सिग्नल बारीक करणाऱ्या जोडीला), कारण 10 किलोओहम आणि 10 ओहमच्या त्या जोडीतला छोटा रेझिस्टर जुन्या डब्यातला होता. मिलिव्होल्टच्या मापात कुणाचाही पहिला संशय स्वतःच्या मोजमापावरच जातो. जपानी जेफेटवर संशय घ्यावा असं शिकवलंय कुणी?

मग सुरू झाला सूऽऽ आवाज, मधूनच तडतड. बालगंधर्वांची तान ऐकायची की तव्यावरची फोडणी, कळेना. पुढच्या पायरीवरच्या एनई5532 या अँप्लिफायर चिपचा 5 नॅनोव्होल्टचा नॉइज गेन 20 असता तर इनपुटला पाव नॅनोव्होल्ट दिसला असता; 6.8 ला तो पाऊण होऊन बसला. ही दुहेरी मार मला नंतर उमगली. तोवर मी सप्लायला दोषी ठरवून टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर (1,850), लोखंडी पेटी (2,600) आणि नवी शील्डेड केबल (950) आणली. 5,400 आणखी गेले. एकूण 13,540.

यातले दोन संच सांगलीच्या मित्राचे होते. त्याच्या वडिलांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांसाठी. माझ्या भरवशावर त्याने निम्मे, 4,070 दिले. मी परत करायला गेलो तर घेत नाही, वर "जाऊ दे रे, तुझा काय दोष" म्हणतो. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती माल हातात पडताच करा, सोल्डरिंगच्या आधी. ड्रेनला 9 व्होल्टच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह, गेट निगेटिव्हला, आणि सोर्स व निगेटिव्हच्या मध्ये साधा डिजिटल मल्टिमीटर व्होल्टवर. मीटरचा 10 मेगाओहमचा रोध काम करतो. दिसतो तो आकडा जवळपास पिंच-ऑफच. दीडच्या वर गेला की परत पाठवा. पाठवायला पत्ता असेल तर.

पत्त्यावरून आठवलं. पाकिटावरचा पत्ता कुरिअरच्याच शाखेचा निघाला. बँकेत गेलो: "पिन तुम्हीच टाकलात ना?" पुढे एसएमएस आला की तक्रारीचे निराकरण झाले आहे. कसलं निराकरण? पोलीस ठाण्यात आधी ऐकवलं की आता चारसोवीस नसतं, भारतीय न्याय संहितेचं 318 असतं. ठीक, मग 318 लावा! "पण माल मिळाला ना तुम्हाला? मग हा दिवाणी मामला." मी म्हटलं, माल नकली आहे, नॉइज येतो. साहेबांनी विचारलं, "आवाज येतोय ना? मग चालू आहे की!" मागे बसलेले हवालदार हसले. मी तक्ता आणि डेटाशीट शेजारी शेजारी ठेवून 2.1 आणि 1.5 दाखवले, तर नकली असल्याचं कंपनीचं पत्र आणा म्हणाले. जपानच्या कंपनीचं! 8,140 रुपयांसाठी! रक्कम लहान म्हणून कोणी हात लावत नाही, आणि हे त्या विक्रेत्याला पक्कं माहीत आहे. तो दर वेळी आठ-दहा हजारच घेत असणार. पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो. मला माल तपासून कळेपर्यंत तो वेळ कुठला उरायला?

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. उत्तम. फक्त समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. म्हणून पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक मागा आणि तो पोर्टलवर तपासून बघा.

मी शेवटी लिनिअर सिस्टिम्सचे एलएसके170, म्हणजे के170 च्या जागी चालणारे जेफेट, अधिकृत वितरकाकडून घेतले. कस्टम्ससकट महाग पडले, पण बिल आहे, आणि मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतात.

त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे. मी त्याला फोनवर झापताना 2.1 चा आकडा वाचून दाखवला होता. नवा तक्ता परवा एका ओळखीच्याला आला, दर आता 475. रकाने तीनच आहेत.