छापलेले वॅट आणि कच्चे बिल : जुन्या गाडीत साऊंड सिस्टिम बसवताना झालेली फसवणूक

वडिलांची १९९९ सालची मारुती झेन विकायची नाही असे घरात ठरले, तेव्हा तिच्यातील बंद पडलेल्या कॅसेट प्लेअरच्या जागी एक चांगली साऊंड सिस्टिम स्वतःच्या हाताने बसवायचे मी मनावर घेतले. या कामात १६,९०० रुपयांची माझी फसवणूक झाली. पैशांपेक्षाही मोठी गोष्ट ही, की आई-वडील गाडीत बसलेले असताना बॉनेटखाली प्लास्टिक जळू लागले होते. जे वाचक असे काम घरी करतात किंवा करू इच्छितात, त्यांच्यासाठी हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

वूफरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा, बॉक्स मी पुण्यातील टिंबर मार्केटमधून आणलेल्या १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) केला. आतील जागा सुमारे ३० लिटर ठेवली, सर्व सांधे गोंद आणि स्क्रूने पक्के करून आतून सिलिकॉन भरले आणि वरून डिकीच्या रंगाचे कार्पेट चिकटवले. दोन रविवार लागलेल्या या कामाचे मला आजही समाधान वाटते, कारण त्यातली एकही गोष्ट फसवी नव्हती.

विद्युत सामान मात्र शहरातील एका दुकानातून घेतले. चार वाहिन्यांचा (चॅनेलचा), वर ठळक अक्षरांत १,८०० वॅट लिहिलेला अ‍ॅम्प्लिफायर ९,५०० रुपयांना, १२ इंची वूफर ४,८०० रुपयांना आणि ‘शुद्ध तांब्याची ४ गेज केबल’ असलेला वायरिंगचा संच २,६०० रुपयांना मिळाला. गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप. त्या संचातच ६० अँपिअरचा फ्यूज होता. मी पक्के बिल मागितले, तेव्हा दुकानदार म्हणाले, “साहेब, पक्क्या बिलावर कर लागेल, उगाच जास्त पैसे जातील. माल आमचा आहे, कधीही या.” मी साध्या कागदावरची चिठ्ठी घेतली. काही रक्कम रोख दिली आणि उरलेली त्यांनी सांगितलेल्या क्रमांकावर यूपीआयने पाठवली. तो क्रमांक दुकानाच्या नावाचा नसून एका व्यक्तीच्या नावाचा होता, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

जोडणी मी काळजीपूर्वक केली. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवला, इंजिन आणि केबिनमधील पत्र्यातून केबल रबरी ग्रॉमेटमधून, म्हणजे भोकाच्या कडेला बसणाऱ्या कड्यातून, आत घेतली, पॉवरची केबल डाव्या दाराखालून आणि आवाजाची केबल उजव्या बाजूने नेली. अर्थिंगसाठी डिकीतील पत्र्याचा रंग खरवडून उघड्या धातूवर बोल्ट आवळला. हा तपशील सांगण्याचे कारण पुढे येईल.

तीन आठवड्यांनी आम्ही वाईला निघालो. शिरवळच्या अलीकडे आईला जळका वास आला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले, तर फ्यूजचा प्लास्टिकचा होल्डर एका बाजूने वितळून केबलच्या आवरणाला चिकटला होता आणि आतला ६० अँपिअरचा फ्यूज मात्र शाबूत होता. मी अ‍ॅम्प्लिफायरची केबल बॅटरीच्या टर्मिनलवरून काढली आणि तसेच पुढे गेलो. फ्यूज उडाला नाही म्हणजे चूक आपलीच असणार, असे समजून मी दोन दिवस स्वतःला दोष देत राहिलो.

आमच्या सोसायटीत दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी केबलचे टोक हातात घेतले, चाकूने एक तार खरवडली आणि ती माझ्यापुढे धरली. वरच्या तांबूस थराखाली तार पांढरी होती. “हे तांबे नाही रे, अ‍ॅल्युमिनियम आहे. वर फक्त तांब्याचा मुलामा आहे,” ते म्हणाले. मग आम्ही केबल सोलली. बोटाएवढ्या जाड आवरणात धातूचा गाभा जेमतेम ४ मिलिमीटर होता. खऱ्या ४ गेज तारेतील धातूचे क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस मिलिमीटर असते, आमच्या केबलमध्ये ते त्याच्या निम्मेही नव्हते. ५ मीटर लांबीच्या खऱ्या केबलमध्ये नुसते तांबेच ९०० ग्रॅमच्या वर भरते, तर ही संपूर्ण केबल आवरणासह ६२० ग्रॅम भरली.

होल्डर का वितळला, हे काकांनी समजावून सांगितले आणि ते सर्वांनी समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि त्यावर वीजरोधक ऑक्साइडचा थर चढतो, त्यामुळे आज घट्ट आवळलेला सांधा काही आठवड्यांत सैल होतो. सैल सांध्यातून १४ अँपिअर प्रवाह गेला तरी तिथे प्लास्टिक वितळण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते. फ्यूज प्रवाह पाहून उडतो, त्यामुळे ६० अँपिअरच्या फ्यूजला या १४ अँपिअरमध्ये काहीच वावगे दिसत नाही. शिवाय फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठी असतो. तार तेवढा प्रवाह सोसणारी नसेल आणि ती कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर आधी तार पेटेल आणि मग फ्यूज उडेल.

त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर तपासला. त्याच्या बाजूला २५ अँपिअरचा एकच फ्यूज होता. इंजिन चालू असतानाचे १४ व्होल्ट गुणिले २५ अँपिअर म्हणजे ३५० वॅट, आणि या प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यातील जवळजवळ अर्धी शक्ती उष्णतेत जाते. १,८०० वॅटच्या आवाजासाठी निदान १३० अँपिअर तरी लागतील. आमच्या संपूर्ण गाडीला वीज पुरवणारा अल्टरनेटर ५० अँपिअरच्या आसपासचा आहे. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता आला असता. काकांच्या टेबलावर दोन वाहिन्या एकत्र जोडून ५० हर्ट्झचा स्वर दिला, तेव्हा ४ ओहमवर आवाज फाटण्यापूर्वी २० व्होल्ट मिळाले. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे फक्त १०० वॅट. वूफरच्या मागचे मोठे काळे रबरी आवरण काढले, तर आतले चुंबक हाताच्या पंजात मावणारे निघाले. मात्र ४ ओहम लिहिलेल्या स्पीकरवर मल्टिमीटरने सव्वातीन-साडेतीन ओहम दाखवले, तर तो दोष समजू नये, ते स्वाभाविक आहे.

हे सर्व घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदारांनी सामानाकडे न पाहताच विचारले, “फिटिंग कोणी केली?” मी केली, असे सांगताच ते म्हणाले, “मग आमची जबाबदारी नाही. घरी जोडणारे असेच जाळतात.” मला वाटते, ही फसवणूक अशा गिऱ्हाइकासाठीच योजलेली असते. स्वतः काम करणाऱ्या माणसाच्या हातांवर दोष ढकलणे सर्वांत सोपे असते आणि प्रामाणिक माणूस तो दोष क्षणभर स्वीकारतोही. म्हणूनच मी जोडणीचा तपशील वर दिला. होल्डर मी कसा बसवला, याचे फोटो माझ्याजवळ नव्हते आणि ती उणीव मला त्या काउंटरसमोर फार जाणवली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आणि दुकानदारांना लेखी नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला तेव्हा कळले. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर यांपैकी काहीही नव्हते. नोटिशीनंतर केबलचे २,६०० रुपये परत आले. उरलेल्या रकमेबाबत दुकानदार म्हणतात की ते सामान त्यांच्याकडचे नाहीच, आणि माझ्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव नसल्याने त्यांना तसे म्हणता येते.

आता गाडीत पक्क्या बिलासह घेतलेली १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि तिला साजेसा ४० अँपिअरचा फ्यूज आहे. केबल घेताना मी दुकानातच तिचे टोक खरवडून पाहिले, आणि दुकानदारांनी स्वतःहून चाकू काढून दिला. ७५ वॅटचा साधा अ‍ॅम्प्लिफायर त्याच बॉक्सला जोडला आहे आणि वडिलांना तो आवाज पुरेसा वाटतो.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही. माझा अर्ज तयार होत आहे. वितळलेला होल्डर, सोललेली केबल, यूपीआयची पावती आणि ती बिननावाची चिठ्ठी एका पिशवीत तारीख घालून ठेवली आहे.