वर्षाचा गहू भरावा की महिन्याला पीठ आणावं?

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या जुन्या मराठी घरांत एप्रिल-मे आला की कोठ्या धुऊन उन्हात पडतात. फ्लॅटमधली तरुण जोडपी मात्र दर महिन्याला पिठाची पिशवी आणतात. महागाईत परवडतं कुठलं?

2025 मध्ये गव्हाचा हमीभाव क्विंटलला 2425 रुपये होता, वर मध्य प्रदेश सरकारचा 175 चा बोनस. शेतकऱ्याला सरकारी केंद्रावरच तेव्हा 2600 मिळत होते; छावणीच्या धान्य बाजारात चांगला गहू सरकारी भावाहून फार खाली मिळेल, ही आशा सोडा. तरी दळणावळ आणि घट धरूनही घरचं पीठ कंपनीच्या पिशवीपेक्षा स्वस्तच पडतं. किलोमागे आठ रुपये वाचले आणि चौघांना वर्षाला तीन क्विंटल लागला, तर 2400 रुपये हातात राहतात. पॅकबंद पिठावर 2022 पासून 5 टक्के जीएसटीही आहे, सुट्या गव्हावर नाही.

पण ही बचत रोख पैसे असणाऱ्याची. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर गहू भरला तर व्याज त्यातला वाटा खाऊन टाकतं. आणि सगळा महागडा शरबती गहूच हवा, असा हट्ट असेल तर हिशोब मांडूच नका! रोजच्या पोळीला लोकवन जातीचा गहू उत्तम. शरबती सणावारापुरता पुरे.

खरी अडचण जागेची. गहू कडकडीत वाळवून, एरंडेल चोळून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरला तर पावसाळा निभतो. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवलेल्या पोत्यात श्रावणापर्यंत सोंडे झालेच म्हणून समजा. शिवाय निवडणं, चाळणं, चक्कीवर डबा नेणं हे काम घरात कोण करणार, ते आधी ठरवा. बहुतेक घरांत ते न विचारताच सुनेच्या गळ्यात पडतं.

दोघंच असाल, दोघंही नोकरीला, एक वेळ डबा बाहेरचा, तर पिशवीच बरी. चार-पाच माणसं आणि कोरडी खोली असेल तर गहू भरा. पहिल्या वर्षी एकच क्विंटल घ्या, साफ केलेला.

तूरडाळीला मात्र हाच नियम लावू नका. नवी तूर बाजारात येते जानेवारीच्या सुमारास. मे महिन्यात गव्हाच्या जोडीनं वर्षाची डाळ भरणारे व्यापाऱ्याच्या साठवणुकीचा खर्चही भरतात.