गुलाबी बोंडअळीचा नरसाळे सापळा: पकडतो चोख, ओळखायचं काम सकाळीच उरका

खानदेशात बागायती कपाशीला पाते (कळ्या) लागायला लागले की कृषी केंद्रांवर नरसाळ्याचा कामगंध सापळा आणि गुलाबी बोंडअळीचं ल्युअर, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाचं आमिष, जोडीनंच विकलं जातं. वर झाकण, त्याखाली ल्युअर अडकवायची जागा, मग नरसाळं आणि खाली लांब प्लॅस्टिकची पिशवी. एकरी 2 सापळे, पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर. कपाशी वाढेल तसा सापळा वर सरकवावा लागतो, म्हणून काठी आधीच उंच रोवा.

पतंग पकडण्यात सापळा चोख आहे. कमी पडतो तो ओळख पटवण्यात. पिशवीत पतंग फडफडत राहतो, पंखांवरचे खवले झडतात, नक्षी पुसली जाते. दोन-तीन दिवसांनी पिशवीची गाठ सोडली तर सगळेच करडे दिसतात. म्हणून रोज सकाळी सोडा, पांढऱ्या कागदावर ओता आणि आधी आकार बघा. गुलाबी बोंडअळीचा पतंग अगदी लहान, पंख पसरून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर. पुढचे पंख तपकिरी, त्यावर काळसर डाग. मागचे चंदेरी करडे, कडेला बारीक केसांची झालर. हिरव्या बोंडअळीचा पतंग जवळपास दुप्पट, जाडजूड. पुढच्या पंखावर वालाच्या दाण्यासारखा गडद ठिपका, मागच्या फिक्या पंखाच्या कडेला काळा पट्टा. ठिपक्यांच्या बोंडअळीच्या फिक्या पंखावर पाचरीसारखा हिरवा पट्टा असतो.

ही तपासणी टाळू नका. सलग 3 रात्री, दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की गुलाबी बोंडअळीची नुकसानपातळी, म्हणजे फवारणीची वेळ, गाठली असं धरतात. भलतेच पतंग मोजले तर फवारणी फुकट जाते. त्याच हातानं आधी दुसऱ्या किडीचं ल्युअर हाताळलं असेल तर गंध मिसळतो, म्हणून प्रत्येक ल्युअरला हातमोजा वेगळा. एका सापळ्यात दोन ल्युअर तर नकोतच. आणि सापळ्यात नरच येतात, त्यामुळे आकडा कमी असला तरी डोमकळ्या (अळी आत असल्यानं न उमललेली फुलं) बघणं सोडू नका.

चिकट कागदाच्या डेल्टा सापळ्यात नक्षी जास्त नीट राहते, पण आपल्याकडच्या धुळीनं कागदाचा चिकटपणा लवकर जातो. कपाशीला आम्ही नरसाळंच घ्या म्हणू. पिशवी मात्र जाड मागून घ्या; पातळ पिशवी वाऱ्यानं फाटते. तळाला टाचणीनं बारीक भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी साचून पतंग कुजतात. जादा ल्युअर उन्हात पडू न देता पाकिटासकट फ्रिजमध्ये ठेवा.