आई असिस्टेड लिव्हिंगमध्ये गेली, त्याला सात महिने झाले

'वृद्धाश्रम' हा शब्द आमच्या घरात कुणाच्या तोंडून निघत नव्हता, म्हणून आधी तो घोळ मिटवते. पुण्यात अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या सोसायट्या आहेत. तिथे स्वतःचा फ्लॅट, स्वतःचा संसार. हिंडत्याफिरत्या माणसाला झकास. आमची आई 81 वर्षांची, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. अंघोळीला, उठताना हात द्यायला माणूस हवं, पण हॉस्पिटलात ठेवण्यासारखंही काही नाही. या मधल्या अवस्थेसाठी असिस्टेड लिव्हिंग. त्याआधी घरी ब्यूरोच्या बायका ठेवून पाहिल्या. पाच महिन्यांत चार बदलल्या.

दाखल करताना सिस्टरने सहा गोष्टींचा फॉर्म भरला: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून उठबस, लघवी-शौचावर ताबा, हाताने जेवणं. कशाकशाला मदत लागते त्यावर पॅकेज. आमचं महिना 46,000, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट. औषधं, फिजिओ, डायपर वेगळं. आमच्या मेडिक्लेममधून एक पैसा मिळाला नाही, कारण हे हॉस्पिटलायझेशन धरत नाहीत.

जेवण बरं आहे. (आमटीला चव नाही म्हणते, पण ती माझ्याही आमटीला हेच म्हणायची.) रात्रीची मात्र बोंब होती. अख्ख्या मजल्याला एकच मावशी. एकदा बेल दाबून वीस मिनिटं कुणी आलं नाही, तेव्हा आई भिंत धरत एकटी बाथरूमला गेली. पडली नाही हे नशीब. मी भांडले, मग दुसरी मावशी नेमली. जागा बघायला जाल तर सकाळी जाऊ नका, रात्री नऊनंतर जा.

माझं खरं भांडण झालं ते साडीवरून. नेसवण्यात वेळ जातो म्हणून पहिल्याच आठवड्यात तिला गाऊन चढवला. आई गप्प झाली, खोलीबाहेर पडेना. असिस्टेड म्हणजे तिचं ती करेल आणि अडेल तिथे हात द्यायचा, हे मला मॅनेजरला तीनदा सांगावं लागलं. आता मावशी मागून पदर काढून देते. निऱ्या आईच घालते, खुर्चीला टेकून उभी राहून. अर्धा तास लागतो. लागू दे.

तो सहा गोष्टींचा फॉर्म पुन्हा भरायची वेळ आली आहे. 'कपडे'समोरची खूण आता बदलायला हवी, म्हणजे पॅकेजही उतरायला हवं. त्यांच्याकडून अजून कुणी तो विषय काढलेला नाही. सोमवारी मीच काढणार आहे.