पहिला घडीचा चाकू: ओपिनेल, व्हिक्टोरिनॉक्स की हिगोनोकामी?

"मामा, पहिलाच चाकू आहे, तर जरा महागातलाच घेऊ का?" भाच्याने विचारलं आणि मी त्याला लगेच नको म्हटलं. महागातला पहिला चाकू कपाटातच राहतो. ओरखडा पडेल, धार जाईल, कुणी मागितला तर द्यावा लागेल, या धास्तीने तो बाहेर निघत नाही. माझ्याकडे आज ३१ घडीचे चाकू आहेत. हा नाद लागला तो बहिणीने फ्रान्सहून येताना आणलेल्या एका साध्या, लाकडी मुठीच्या चाकूमुळे. तो स्वस्तातला होता, म्हणून मी तो बेधडक वापरला. वापरला म्हणून बिघडवला, बिघडवला म्हणून दुरुस्त करायला शिकलो, आणि मग दुसरा कसा असेल याची उत्सुकता लागली.

मात्र स्वस्त आणि टाकाऊ यांत फरक आहे. रस्त्यावर दीडशे रुपयांना मिळणाऱ्या चमकदार चाकूचं पोलाद कसलं आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी एकदा लाल मुठीचा, अगदी स्विस दिसणारा चाकू मागवला होता. दोन पेरू कापेपर्यंत पातं खिळ्याशी डुगडुगायला लागलं. अशा चाकूतून नाद लागत नाही, उलट चाकू या वस्तूवरचाच विश्वास उडतो. पैसे थोडे आणि काम प्रामाणिक, या कसोटीला उतरणारे तीन चाकू मला नीट माहीत आहेत. तिन्ही १८९० च्या दशकात आकाराला आले, तिन्ही आजही बनतात, आणि प्रत्येक जण माणसाला वेगळ्याच वाटेने संग्रहाकडे नेतो. म्हणून कोणता घ्यावा हे ठरवताना नुसती किंमत बघू नका, तो तुम्हाला कुठे नेणार आहे तेही बघा.

ओपिनेल नंबर ८

फ्रान्सच्या आल्प्समधल्या सावोय प्रांतात जोझेफ ओपिनेल या तरुणाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी हा चाकू बनवला. बीच झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, त्यात पात्यासाठी चीर, एक खिळा आणि पातं. एवढंच. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ असे आकार ठरवले. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे सफरचंद, कांदा, पाव, सुतळी यांना पुरून उरेल एवढं. १९५५ मध्ये त्याच्या मुलाने, मार्सेलने, मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी बसवली. कडी फिरवली की तिची फट पात्यापासून सरकते आणि पातं बोटांवर मिटत नाही. सहा नंबरपासून पुढे ही कडी असते, लहान नंबरांना नसते. नवशिक्यासाठी ही कडी फार मोलाची आहे. युरोपात साध्या आठ नंबरला दहा-पंधरा युरोच्या आसपास पडतात.

खरा प्रश्न पोलादाचा आहे. ओपिनेल कार्बन स्टीलमध्ये मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. विकत घेताना सगळे स्टेनलेसकडे वळतात, कारण तो गंजत नाही. माझं मत उलटं आहे. ज्यांनी आजीची विळी पाहिली आहे त्यांना कार्बन स्टील समजावून सांगावं लागत नाही. केळफूल चिरलं की विळी काळी पडायची, कैरी चिरली की पातं निळसर-करडं व्हायचं, आणि रोज वापरून त्यावर एक शांत काळपट थर चढायचा. तेच इथे होतं. माझ्या आठ नंबरवर पहिली कैरी कापली तेव्हा पाच मिनिटांत टोकापासून निळ्या-जांभळ्या लाटा उमटल्या, पेट्रोलच्या थेंबावर उमटतात तशा. फोडींना सुरुवातीला लोखंडाचा किंचित वासही आला. आठवडाभराने वास गेला आणि पातं राखाडी झालं. त्या थराने गंजाला बराच आळा बसतो.

बराच, पूर्ण नव्हे. पहिल्या वर्षी गावी, राजापूरजवळ, मी तो न पुसता पिशवीत टाकला. सकाळी पात्यावर तांबूस ठिपके होते. झिरो नंबरचा पॉलिशपेपर आणि तेलाचे दोन थेंब घेऊन अर्धा तास घासला तेव्हा गेले. जुलैत दुसरं संकट आलं. कोकणातल्या दमट हवेने लाकूड फुगलं आणि पातं मुठीत असं अडकलं की नख तुटायची वेळ आली. सावोयचे लोक यावर काय करतात ते नंतर कळलं. चाकू मिटलेलाच धरायचा, कडी उघडी ठेवायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटायचं. पात्याची पाठ अर्धा बोटभर वर उचलली जाते. पुढे मी खिळ्याजवळच्या चिरेत जवसाचं तेल दोनतीन वेळा मुरवून वाळवलं, तेव्हापासून पावसाळ्यातही कुरकुर नाही. लाकडाला खोबरेल नको. ते वाळत नाही, नुसतं चिकट राहतं. पात्याला पुसटसं लावायला मात्र चालतं.

हे सगळं ज्याला कटकट वाटेल त्याने स्टेनलेस घ्यावा. ज्याला यात गंमत वाटेल त्याचा पुढचा प्रवास ठरलेला आहे: धार लावायचा दगड, मग दुसरा बारीक दगड, मग चामड्याचा पट्टा, मग वेगवेगळी पोलादं. शिवाय ओपिनेलवर आकडा कोरलेला असतो, आणि आठ हातात असला की मन सात आणि नऊकडे जातंच. आज २ ते १० आणि १२ असे दहा आकार मिळतात. १ आणि ११ नंबर १९३० च्या दशकातच बंद झाले, म्हणून संग्राहक जुन्या बाजारात त्यांच्या शोधात असतात. पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण असते, ती १९०९ पासूनची. ती बारकाईने पाहायला लागलात की समजा, नाद लागला.

व्हिक्टोरिनॉक्स: गरज आधी, आवड नंतर

स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्झनरने १८८४ मध्ये कारखाना काढला. स्विस सैनिकांसाठी ठरलेल्या चाकूंची पहिली खेप मात्र जर्मनीतल्या झोलिंगनहून आणावी लागली होती, कारण देशात तेवढे चाकू करणारं कुणी नव्हतं. एल्झनरने ते काम आपल्या देशात आणलं आणि १२ जून १८९७ ला जास्त हलका, जास्त अवजारांचा अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. लाल मुठीचा जो चाकू जगाला माहीत आहे तो त्याचाच वंशज.

स्वस्तात बसणारे यातले दोन. एक 'क्लासिक', ५८ मिलिमीटरचा, किल्ल्यांच्या जुडग्यात जाणारा: छोटं पातं, कात्री, नखांची कानस, चिमटा, दातकोरणं. दुसरा 'स्पार्टन', ९१ मिलिमीटरचा: मोठं आणि लहान पातं, डबा फोडणी, बाटली उघडणी, बुचाचा स्क्रू, टोच्या. कामाच्या हिशोबाने तिघांत हाच पहिला येतो, यात वाद नाही. क्लासिकची कात्री मी दिवसातून जितक्या वेळा वापरतो तितका दुसरा कुठलाही चाकू वापरत नाही. दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, कुरियरचं खोकं. पोलाद गंजत नाही, फार कडकही नाही, त्यामुळे धार लवकर उतरते आणि लवकर लागतेही. चिनीमातीच्या कपाच्या तळाला जी खरखरीत, बिनझिलईची कड असते तिच्यावर दहा हात फिरवले तरी काम होतं.

उणीव एक आहे आणि ती आधीच सांगतो. या दोन्हींना कुलूप नाही. पातं फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर उभं असतं. टोकाने भोसकायचा किंवा पात्यावर मागून दाब द्यायचा प्रयत्न केला तर ते बोटांवर मिटतं. घरात मुलं असतील तर हे पहिल्या दिवशी शिकवा.

संग्रहाची वाट इथे वेगळी आहे. पोलाद, लाकूड, थर यांपैकी काहीच बदलत नाही, म्हणून माणूस प्रकारांच्या मागे लागतो: रंग, मुठी, अवजारांच्या जुळण्या, दरवर्षी निघणाऱ्या खास आवृत्त्या. ही वाट सोपी आहे आणि खिशाला हळूहळू भोक पाडते. मला त्यातलं एकच दालन मनापासून आवडतं, १९६१ च्या नमुन्याचा सैनिकी चाकू. ॲल्युमिनियमची खडबडीत चंदेरी मूठ, त्यावर छोटी लाल ढाल, आणि पात्याच्या बुडाशी बनवल्याच्या सालाचे दोन आकडे. त्याच्या जागी २००८ मध्ये नवा नमुना ठरला. मधल्या वर्षांत जन्मलेला कुणीही आपल्या जन्मसालाचा चाकू शोधू शकतो. मी माझा शोधला. त्याच्या पात्याची कुणीतरी घासघासून कड झिजवली आहे आणि मुठीवर दोन अक्षरं ओरखडली आहेत. ती तशीच ठेवली आहेत.

हिगोनोकामी

तिघांत सगळ्यात साधा आणि मला सगळ्यात जवळचा. जपानच्या ह्योगो प्रांतातलं मिकी हे अवजारं घडवणाऱ्या लोहारांचं गाव. १८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार बाळगायला बंदी घातली. त्यानंतरच्या काळात तिथे हा चाकू आला: पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली मूठ, एक खिळा, आणि पात्याच्या मागे आलेली छोटी शेपटी. तिला चिकिरी म्हणतात. अंगठ्याने ती दाबली की पातं उघडतं, आणि काम करताना अंगठा तिच्यावरच ठेवायचा, म्हणजे पातं मिटत नाही. ना स्प्रिंग, ना कडी. अंगठा हेच कुलूप. खिळा सैल झाला तर ऐरणीवर, नाहीतर पाट्याच्या दगडावर ठेवून हातोडीचे दोन हलके ठोके द्यायचे.

एके काळी जपानी शाळकरी पोरांच्या दप्तरात हा पेन्सिली तासायला असायचा. १९६० मध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा एका १७ वर्षांच्या मुलाने भर सभेत खून केला. हत्यार छोटी तलवार होती, पण मुलांच्या हाती पातं नको अशी मोहीम उभी राहिली आणि तिचा फटका या निरुपद्रवी चाकूला बसला. पेन्सिलीची यंत्रंही आलीच होती. मिकीतले कारागीर एकेक करून थांबले. हे नाव अधिकृतपणे लावणारा आता नागाओ घराण्याचा एकच कारखाना उरला आहे. म्हणून हा चाकू हातात घेतला की अभ्यास आपोआप सुरू होतो. कोण घडवतं, कसं घडवतं, मऊ लोखंडाच्या पोटात कडक पोलाद का भरतात, हे प्रश्न पडतात. आपल्याकडे पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहताना हेच होतं. रोजच्या वापराची वस्तू, आणि घडवणाऱ्याने तिच्यात किती जीव ओतला आहे ते पाहून पाय निघत नाही.

तक्रारी आहेत. पितळेचा वास हाताला लागतो. कार्बन पोलाद ओपिनेलइतकंच गंजतं. फणसाला तर हा लावूच नका, चीक पत्र्याच्या दुमडीत शिरला की तेल लावून काडीने कोरत बसावं लागतं. पण पेन्सिल तासायला, कागद कापायला, लाकूड कोरायला याच्यासारखं सपाट, आज्ञाधारक पातं या किमतीत मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाकीचे थोडक्यात

फ्रान्सच्याच तिएर गावचा डूक-डूक १९२९ चा आहे. तोही पत्र्याच्या मुठीचा, देखणा आणि सपाट, पण स्प्रिंग इतकी ताठ की पहिला म्हणून नको. रामपुरीचं नाव आपल्याकडे निघतंच. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ती खरी कला आहे, आणि शहराने २०२३ मध्ये चौकात २० फुटी चाकू उभारून तिला मान दिला. पण मोठं पातं, खटका आणि गुन्हेगारीशी जोडलं गेलेलं नाव यांमुळे नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

बाळगण्याबद्दल गंभीरपणे सांगतो. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांना, घरगुती, शेतीची वगैरे सोडून, परवाना लागू शकतो. वरचे तिन्ही चाकू त्याच्या कितीतरी आत आहेत. तरीही मुंबई-पुण्यात पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्यांत सुरेही येतात. मेट्रोच्या तपासणीतही अडकाल. चाकू घरी, शेतात, डोंगरावर वापरा. शहरात खिशात घालून मिरवू नका. विमानात तो चेक-इन सामानातच जातो. लंडनला राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: तिथे कुलूप नसलेला, ३ इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो, पण ओपिनेलच्या कडीमुळे तो त्या सवलतीत बसत नाही. तिथे व्हिक्टोरिनॉक्सच बरा.

तर ठरवायचं कसं? रोज उपयोगी पडेल आणि देखभाल नको असेल तर क्लासिक, डोळे मिटून. हाताने काही कोरत, रेखाटत असाल आणि वस्तूमागची गोष्ट जाणून घ्यायला आवडत असेल तर हिगोनोकामी, पण अंगठा जागेवर ठेवायची सवय होईपर्यंत सावकाश. यांपैकी नक्की काहीच सांगता येत नसेल तर कार्बन स्टीलचा आठ नंबर. तो स्वयंपाकघरात राबतो, चुका माफ करतो, आणि सहा महिन्यांत तुमचं तुम्हालाच कळतं की तुम्हाला चाकू हवा होता की चाकू आवडतात.

भाच्याने आठ नंबर घेतला, कार्बनचाच. दोन महिन्यांनी काल त्याचा फोन आला. पात्यावर लिंबाचा डाग पडलाय, तो राहू देऊ का, असं विचारलं. राहू दे म्हटलं. मग थोडं थांबून म्हणाला, "मामा, सहा नंबरचं पातं केवढं असतं?"

सात सेंटिमीटर, मी सांगितलं. आणि सात नंबरचं आठ.