मुंबईच्या हवेत घरगुती दुर्बिणीसाठी प्लाय आणि फिनिश: काय घ्यावं, काय टाळावं

८ इंची आरसा आणि १२०० मिमी नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीची डॉबसोनियन बैठक (नळी वर-खाली आणि गोल फिरवू देणारा साधा लाकडी आधार) करायला, म्हणजे रॉकर बॉक्स (नळी जिच्यात टेकते ती पेटी), जमिनीवरची तळपाटी आणि नळीभोवतीची चौकट धरून, साधारण सव्वा चौरस मीटर प्लाय लागतो. ८ बाय ४ फुटांची शीट जवळजवळ तीन चौरस मीटरची असते. अर्धी शीटही संपत नसेल, तर हलक्या प्रतीचा माल घेऊन वाचणारे पैसे किरकोळच. खरी निवड वजन आणि पाणी यांच्यातली आहे. ही पेटी जिन्यावरून खाली आणायची, वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी न्यायची, तिथल्या दवात रात्रभर उघडी ठेवायची आणि मग जून ते सप्टेंबर बंद घरात दमट हवेत सांभाळायची असते.

प्लाय

दुकानात पहिला प्रश्न येतो: एमआर (ओल सोसणारा), बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) की बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा)? एमआर म्हणजे साधा कमर्शियल प्लाय. त्याचा गोंद युरिया फॉर्मल्डिहाइडचा असतो, ओल लागत राहिली की तो सुटतो आणि कडेचे थर उलगडतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूपी, म्हणजे बाजारातला 'मरीन', फिनॉलिक गोंदाने चिकटवलेला असतो आणि त्याला ७२ तास उकळण्याची चाचणी पास व्हावी लागते. त्यात वाळवी-भुंग्याविरुद्ध प्रक्रियाही केलेली असते. बीडब्ल्यूआर या दोघांच्या मधला. दुर्बिणीसाठी बीडब्ल्यूपीच घ्या, एमआर नको. शिक्क्यावर ७१० आकडा छापलेला असणं पुरेसं नाही. आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये तपासता येतो. शंका असेल तर दोन इंचांचा तुकडा मागून घ्या आणि घरी काही तास उकळा. एमआर असेल तर बहुधा तिथेच थर सोडेल.

गोंदाइतकाच महत्त्वाचा कोअर, म्हणजे आतले थर. गर्जनचा प्लाय टणक, स्क्रू घट्ट धरणारा, पण घनमीटरला ७०० किलोच्या आसपास जातो. पॉपलर किंवा मिश्र कोअर बराच हलका, मात्र त्यात पोकळ्या आणि एकावर एक चढलेले थर जास्त सापडतात. पोकळीवर स्क्रू आला की तो फिरतच राहतो. रे रोडच्या लाकूडबाजारात माल बघताना वरचा फेस, म्हणजे दर्शनी थर, पाहत बसू नका. चारही कडा बघा आणि बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ जागी आवाज बदलतो. जाडी व्हर्नियरने मोजा, १२ मिमी म्हणून दिलेला प्लाय कित्येकदा ११ च भरतो आणि मग खाचा ढिल्या बसतात.

बाल्टिक बर्च हा सगळ्यांत देखणा पर्याय. १८ मिमीत १३ थर, सगळे बर्चचेच, पोकळ्या जवळपास नाहीत. कडा तशाच उघड्या ठेवल्या तरी शोभतात. पण तो महाग, शीट बहुधा ५ बाय ५ फुटांची, आणि बर्चला स्वतःची टिकाऊ शक्ती फारशी नाही, त्यामुळे फिनिशमध्ये हयगय चालत नाही. १२ इंची किंवा मोठी ट्रस दुर्बीण (बंद नळीऐवजी दांड्यांचा सांगाडा असलेली) करत असाल, जिथे अरुंद कड्या आणि मोठे गोल बेअरिंग कापायचे आहेत, तिथे त्याचे पैसे वसूल होतात. ८ इंचीला गर्जन पुरतो.

बांधकामाचा काळा शटरिंग प्लाय स्वस्त आणि पाण्याला दाद न देणारा वाटतो. पण त्याच्या फिल्मवर गोंद धरत नाही, रंगही धरत नाही, आणि कोअर कसा निघेल याचा भरवसा नाही. जमिनीवरच्या तळपाटीपुरता घ्यायला हरकत नाही. एमडीएफ मात्र अजिबात नको: कड एकदा फुगली की परत बसत नाही.

जाडीबाबत आमचं मत ठाम आहे: सगळीकडे १८ मिमी वापरू नका. गर्जनचे सगळे भाग १८ मिमीचे केले तर लाकूडच पावणेसोळा किलोच्या आसपास होतं. रॉकरचा तळ आणि तळपाटी १८ मिमी, बाकी बाजू व चौकट १२ मिमी, असं केलं तर साधारण १२ किलोत भागतं. बाजूंना समोरून आडवी फळी असतेच, त्यामुळे १२ मिमी हलत नाही. जोडांना साधा पांढरा फेविकॉल नको, फेविकॉल मरीन घ्या. स्क्रू एसएस ३०४ चे, कारण समुद्राच्या हवेत साधे स्क्रू गंजतात आणि फिनिशखालून तांबडे डाग वर येतात.

फिनिश

फ्रेंच पॉलिश दिसायला छान, पण लाखेवर दव पडलं की पांढरे ठसे उठतात. मेलामाइन फर्निचरवाल्यांचं आवडतं आणि स्वस्त आहे, पण ते घरातल्या वापरासाठी. रात्रीच्या दवाला ते पुरत नाही. ऑइल पेंट लावायला सोपा आणि खरवडला तर पुन्हा मारता येतो, पण दमट दिवसांत चिकट राहतो आणि एकमेकांवर टेकलेले भाग जुळून बसतात.

सनमायका पृष्ठभागाला उत्तम, पण १ मिमीचा चौरस मीटरला सुमारे १.४ किलो भर घालतो, एकाच बाजूला लावला तर फळी वाकते, आणि कडा उघड्याच राहतात. सगळी पेटी त्याने मढवू नका. मात्र रॉकर बॉक्सच्या तळाखाली तो हवाच, तोही गुळगुळीत नव्हे, बारीक खडबडीत टेक्श्चरचा. त्याखाली तळपाटीवर टेफ्लॉनचे तीन तुकडे, प्रत्येक पायाच्या बरोबर वर. चकचकीत सनमायकावर टेफ्लॉन आधी अडतो, मग एकदम सरकतो, आणि शनी दृष्टिक्षेत्राबाहेर जातो.

बाकी सगळ्यासाठी दोन घटकांचं, बाहेरच्या वापराचं मॅट पीयू (पॉलियुरेथेन). बेस आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा, अंदाजाने नाही. ब्रशने किंवा छोट्या रोलरने लावा. फवारणी करायची तर हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे साधा कापडी मास्क चालत नाही. पावसाळ्यात हे काम काढू नका: हार्डनर हवेतल्या पाण्याशी प्रक्रिया करून वायू सोडतो आणि थरात बुडबुडे राहतात. ऑक्टोबरनंतरची कोरडी दुपार बघा.

क्रम असा: १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. गर्जनच्या फेसवर राळेचे चिकट ठिपके असतील तर थिनरने पुसा. पोकळ्या लांबीने (पुट्टीने) भरा. मग सीलर, ३२० ने हलकं घासणं, आणि पीयूचे दोन-तीन हात. कडांना सीलरचा पहिला हात पातळ करून, नंतर आणखी दोन-तीन, कारण पाणी शिरतं ते कडेनेच. आतली बाजू, तळाची बाजू आणि स्क्रूची भोकंसुद्धा सोडू नका. एकाच बाजूला फिनिश असेल तर दुसरी बाजू ओल पिते आणि फळी धनुष्यासारखी वळते. नळीच्या आत पीयू नको, तिथे मॅट ब्लॅकबोर्ड पेंट.

पीयू दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागतं, पण आतून पिकायला वेळ घेतं. निदान दोन आठवडे पेटी उघड्या खिडकीपाशी ठेवा आणि नाकाला वास येईनासा झाला की मगच आरसा बसवा. तोवर तो डब्यातच बरा, नाहीतर थिनरची वाफ अॅल्युमिनियमच्या लेपावर धुरकट थर देऊन बसते.