जीटीए आरपी रिव्ह्यू: लॉस सँटोसमध्ये बस कंडक्टर होऊन बघितलं

आधी आकडा सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, तू तो आरपी खेळतोस ना, घेऊ का रे, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. जीटीए फाइव्ह म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, रॉकस्टार कंपनीचा २०१३ चा गेम, लॉस सँटोस नावाच्या काल्पनिक शहरात घडणारा, पीसीवर २०१५ ला आला. त्याच्यावर फाइव्ह-एम नावाचा जोड-प्रोग्राम टाकला की रॉकस्टारच्या ऑनलाइनऐवजी लोकांनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर जाता येतं, आणि त्यातले बरेचसे रोलप्लेचे, म्हणजे आरपीचे असतात. तिथे कुणी मिशन देत नाही. तुम्ही एक माणूस व्हायचं, त्याला नाव द्यायचं, त्याच्या आवाजात बोलायचं, आणि समोरचा पोलीस, डॉक्टर, गॅरेजवाला हे पण सगळे कुठे ना कुठे हेडफोन लावून बसलेले खरे लोक. गंमत म्हणजे २०१५ मध्ये रॉकस्टारने फाइव्ह-एम बनवणाऱ्यांचीच अकाउंट बॅन केली होती आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच टीमला विकत घेतलं. म्हणजे आता हे सगळं घरचंच कार्य आहे.

खर्चाचं म्हणाल तर फाइव्ह-एम फुकट, पण गेमची ओरिजिनल कॉपी लागते, क्रॅकवर चालत नाही. मे २०२० मध्ये एपिक या गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरने आठवडाभर जीटीए फाइव्ह फुकट वाटला होता, आमच्यातल्या निम्म्या पोरांकडे तीच लॉकडाऊनची कॉपी आहे. नसेल तर सेलची वाट बघा, पूर्ण किमतीला घेऊ नका. डिस्कवर शंभर जीबीच्या वर जागा धरून चाला आणि रॅम सोळा असू द्या, कागदावर आठमध्ये भागतं पण गर्दीच्या सर्व्हरवर लोकांनी इतक्या कस्टम गाड्या आणि कपडे घातलेले असतात की आठमध्ये समोरचा माणूस टक्कल घेऊन दिसतो आणि केस नंतर येतात.

मी ज्या सर्व्हरवर खेळतो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे सर्व्हर म्हणजे चालवणारी माणसं असतात, ॲडमिन बदलले की सहा महिन्यांत गाव ओळखू येत नाही. आपल्या देशातला आहे, बोलणं बहुतेक हिंदीत, पण मराठी पोरं भरपूर, आणि दोन मराठी कॅरेक्टर समोरासमोर आले की भाषा आपोआप बदलते. व्हाइटलिस्टवाला आहे, म्हणजे आधी फॉर्म भरायचा, मग आवाजावर इंटरव्ह्यू. लोक याला वैतागतात, पण मला विचाराल तर अख्ख्या प्रकारातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. फॉर्ममध्ये विचारतात की कॅरेक्टरला कशाची भीती वाटते, तो कुठे कमी पडतो, बंदूक रोखली तर काय करेल, आणि हे लिहिताना कळतं की आपल्याकडे फक्त एक नाव आणि एक जॅकेट आहे.

आता कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनबद्दल, कारण इथे माझा अर्धा स्टार गेलाय. चेहऱ्यासाठी आई आणि बाप निवडायचे, मग दोघांपैकी कुणावर किती गेलाय ते स्लायडरने ठरवायचं, रंग वेगळा, नाक, भुवया, जबडा, गाल सगळं सरकवता येतं, सुरकुत्या आणि डाग पण घालता येतात. इथपर्यंत मस्त. पण अंग सगळ्यांचं एकच! उंची तीच, खांदे तेच, पोट नाही. मला चोपन्न वर्षांचा सुटलेल्या पोटाचा माणूस हवा होता आणि गेम म्हणतोय घे, मान म्हाताऱ्याची आणि खाली जिमवाला. यावर उपाय एकच, ढगळ शर्ट आणि चाल. इमोट मेनूमध्ये, म्हणजे हावभावांच्या यादीत, चालण्याच्या वेगवेगळ्या स्टाइल असतात, त्यात जखमी माणसाची एक आहे, ती लावली की गुडघा गेलेला दिसतो. मी सांगतो, चेहऱ्यावर तासभर घालवण्यापेक्षा चाल नीट निवडा, कारण लोक तुम्हाला लांबून आणि पाठमोरंच जास्त बघतात.

माझा माणूस म्हणजे वसंत ढमढेरे. पुण्याच्या पीएमटी बसचा कंडक्टर होता, २००७ ला पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली तेव्हापासून त्याचं कुणाशी पटेना, पुतण्याने अमेरिकेला बोलावून घेतलं आणि पुतण्या विमानतळावर आलाच नाही. एवढीच बॅकस्टोरी. सर्व्हरवर दहातल्या सात जणांची बॅकस्टोरी अशी असते की आईबाप गँगने मारले, अनाथाश्रमात वाढलो, आता बदला घ्यायचाय, आणि मग होतं काय की बदला ज्याच्यावर घ्यायचाय तो सर्व्हरवर नसतोच, म्हणून पोरगं रोज लिजन स्क्वेअरला, लॉस सँटोसच्या मधल्या चौकात, उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे खुनशी बघत बसतं. मागे काय झालं याला आरपीमध्ये फार किंमत नाही, कुणी वाचत नाही ते. आज रात्री त्याला काय पाहिजे, हे पाहिजे. ढमढेरेला पाहिजे की लिजन स्क्वेअर ते पॅलेटो बे अशी वेळेवर सुटणारी बस चालू व्हावी. बास.

बसची नोकरी बऱ्याच सर्व्हरवर असते, पण खऱ्या माणसांना बसमध्ये बसवणारे कमी, सगळे एकटेच फिरवून पगार घेतात. प्रत्येकाकडे गाडी, बसमध्ये कोण बसणार? पण नवीन आलेल्यांकडे गाडी नसते, आणि ज्याची पोलिसांनी उचलली त्याच्याकडे पण नसते, आणि ज्याला लपून जायचंय त्याला स्वतःची गाडी नकोच असते. हळूहळू बस भरायला लागली. वेळापत्रकाचा घोळ वेगळाच, या गेममध्ये एक दिवस खऱ्या ४८ मिनिटांचा, म्हणजे तिथला एक तास आपल्या दोन मिनिटांत संपतो. पॅलेटो एकदम उत्तरेच्या टोकाला, मी नियम पाळून चालवतो, त्यामुळे सकाळी सातला सुटलेली बस जेवणाच्या सुमारास पोचते, म्हणजे अगदी कात्रज ते निगडी.

एक दिवस वाटेतल्या सँडी शोअर्स गावाला दोघं चढले, मागे सायरन, हातात पिस्तूल, गाडी पळव म्हणाले. आता नियम असा की बंदूक रोखली तर कॅरेक्टरने घाबरायचंच, हिरोगिरी केली तर ॲडमिन उचलतात. मास्तर घाबरला, हात वर केले, तोंडातली शिट्टी तशीच राहिली आणि पुढची पाच मिनिटं प्रत्येक वळणावर शिट्टी वाजवत गाडी चालवली. ती दोघं मागे हसू दाबतायत हे मला ऐकू येत होतं पण एकानेही कॅरेक्टर मोडलं नाही. उतरताना एकाने तिकिटाचे पैसे दिले. पुढे पोलीस आले, चेहरे कसे होते विचारलं, तर ढमढेरेला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही आणि चष्मा झटापटीत पडला होता. त्या इन्स्पेक्टर पोरीने, खऱ्या आयुष्यात बहुतेक कोल्हापूरची, बोलण्यावरून, तिने अर्धा तास गुडघ्यावर बसून बसमध्ये चष्मा शोधला. चष्मा सापडला. मग चष्मा घालून साक्षीदाराने सांगितलं की साहेब, तेव्हा चष्मा नव्हता ना. त्यावरून पुढे आठवडाभर केस चालली, वकील आला, दोन चोरांपैकी एक बसचा नेहमीचा पॅसेंजर झाला.

हे सगळं सांगायचं कारण, नवीन पोरं विचारतात आरपी सुधारायचा कसा, आणि उत्तरं मिळतात ती अॅक्सेंट, कपडे, फोटो यांची. माझ्या मते कॅरेक्टर चांगलं का वाईट हे त्याच्याजवळ आलेल्याला काही करायला मिळतं का यावर ठरतं. चष्मा हरवणारा साक्षीदार पोलिसाला काम देतो. सगळं अचूक बघणारा, सगळ्यांना हरवणारा, कधी न घाबरणारा माणूस कुणालाच काही देत नाही, त्याच्यासोबत कोण कशाला खेळेल?

लिहून खेळायच्या कमांड आहेत त्यातही हेच. स्लॅश-मी लिहून तुमची कृती सांगता, स्लॅश-डू लिहून आजूबाजूला काय आहे ते सांगता किंवा समोरच्याला विचारता. "त्याचे हात बांधतो" असं लिहिलं की झालं, समोरच्याला पर्यायच उरला नाही, याला पॉवरगेमिंग म्हणतात आणि वॉर्निंग मिळते. "दोरी काढून हात धरायला बघतो" असं लिहायचं आणि मग स्लॅश-डूमध्ये विचारायचं, हात सापडतो का? उत्तर त्याने द्यायचं. एवढ्याने खेळ बदलतो, खरंच. बाकीचे नियम पाठ होतात, उगाच मारायचं नाही, गाडीने चिरडायचं नाही, मेलात आणि दवाखान्यातून परत आलात तर कुणी मारलं ते विसरायचं, डिस्कॉर्डच्या चॅटवर किंवा कुणाच्या स्ट्रीमवर, म्हणजे खेळाच्या लाइव्ह प्रक्षेपणात, कळलेलं कॅरेक्टरला माहीत नसतं. हा शेवटचा सगळ्यांना जड जातो. समोरचा खोटं बोलतोय हे तुम्ही स्ट्रीमवर बघितलंय, तरी मान डोलवून हो म्हणायचं, आणि ते पण मनापासून.

आमच्या ग्रुपात एक जण कॉलेजात पुरुषोत्तम करंडक करायचा, महाराष्ट्रीय कलोपासकची ती कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे आणि भरत नाट्य मंदिरात "अरे आवाज कुणाचा" ओरडून पोरांचे घसे बसतात. त्याला मी एकदा सर्व्हरवर आणलं. मला वाटलं हा सगळ्यांना खाऊन टाकेल. तर तो पहिले दोन दिवस जवळजवळ बोललाच नाही, नुसता ऐकत उभा. तालमीत म्हणे हेच शिकवतात की समोरच्याचं वाक्य पूर्ण पडू दे, मग रिॲक्ट हो. आणि व्हॉइस चॅटवर तर हे डबल लागू, कारण दोघं एकदम बोलले की कुणाचंच कळत नाही. आवाजाचे तीन टप्पे असतात, कुजबुज, नेहमीचं आणि ओरडणं, बटणाने बदलतात, आणि नव्वद टक्के लोक कुजबुज कधी वापरतच नाहीत! त्याने वापरली. मागच्या सीटवर कुजबुजत बोलायचा, पुढचे सगळे कान देऊन जवळ यायचे. पुण्यात एकांकिका केलेली पोरं ढिगाने आहेत, त्यांनी हा गेम एकदा बघावाच, तिकीट खिडकी नाही, परीक्षक नाहीत, आणि दुसरी घंटा पण नाही.

आता उरलेला एक स्टार कुठे गेला.

पैसा. फाइव्ह-एमवर ठरावीक संख्येपर्यंतचा सर्व्हर फुकटात चालतो, त्याच्या वर जायचं तर सर्व्हरवाल्याला दर महिन्याला पैसे भरावे लागतात, वर होस्टिंग वेगळं, म्हणून डोनेशन मागतात, ते मी समजू शकतो. रांगेत पुढे जायला पैसे घेतले तरी एकवेळ ठीक. पण आमच्या इथे हळूहळू पैसे देणाऱ्यांना भारी गाड्या मिळायला लागल्या, मग गँग करायची परवानगी पण त्यांनाच, आणि मग ॲडमिनचे मित्र आणि बाकीचे अशा दोन जाती झाल्या. रॉकस्टारने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आरपी सर्व्हरसाठी नियम काढले, त्यात लूटबॉक्स (पैसे देऊन नशिबाने काय निघेल ते घ्यायची पेटी), गेममधलं चलन विकणं, क्रिप्टो, खऱ्या कंपन्यांचे ब्रँड हे सगळं नको म्हणून स्पष्ट लिहिलंय. तरी कुठल्याही सर्व्हरवर जा, शोरूममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या लायनीत उभ्या असतात. कोण बघतंय.

दुसरं म्हणजे स्ट्रीमर. व्ह्यूज असलेला कुणी आला की सगळा सर्व्हर त्याच्या मागे, पोलीस पण. ढमढेरेची बस रिकामी. चालायचंच म्हणा, पण तीनशे लोक बघतायत म्हणून तोच माणूस प्रत्येक सीनमध्ये जिंकतो तेव्हा कंटाळा येतो, आणि बाकीची पोरं पण तेच शिकतात.

शिव्यांबद्दल पण सांगून ठेवतो, भरपूर असतात, स्पीकरवर खेळू नका. आणि उलट बाजूने पण, कोथरूडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये भिंती पातळ, रात्री एक वाजता "पुढे सरका, मागे जागा आहे" असं ओरडलात तर सकाळी शेजारच्या काकू विचारणारच, नोकरी बदलली का. गुरुवारी दुपारी महत्त्वाचा सीन ठेवू नका, पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायची शक्यता त्याच दिवशी जास्त, आणि समोरच्या बेंगलोरवाल्याला आपला गुरुवार समजावून सांगता येत नाही.

घ्यावं का? नाटकाची, गप्पांची, लोकांची नक्कल करायची आवड असेल तर घ्या, गाड्या उडवायच्या असतील तर साधं ऑनलाइन बरं. आधी चार दिवस नुसते स्ट्रीम बघा, मग फॉर्म भरा, कॅरेक्टर आपल्या ओळखीच्या धंद्यातलं घ्या, रिक्षावाला, मेसवाली, एलआयसी एजंट, कारण बोलायला शब्द आयते मिळतात आणि सर्व्हरवर माफिया आधीच पन्नास आहेत. एलआयसी एजंट तर अजून एकही नाही, आणि तिथे माणसं रोज मरतात. ग्राफिक कार्ड बदलायचं असेल तर थांबा, त्याआधी बरा माइक घ्या, पंख्याचा आवाज गाळणारा, मे महिन्यात तरी नक्की.